पानं उलटणारा हनुश

ओलोमोउत्स शहरात हर्मिना पियानोच्या शिकवण्या घ्यायची, तेव्हा कुणाचा सूर चुकला की बोटांवर पट्टी बसायची. नाझींच्या तेरेझीनच्या छावणीत आम्ही दोघी एकाच फळीवर झोपायचो, तिथेही तिचा तोरा तसाच. माळ्यावर एक पाय तुटलेला पियानो खोक्यांवर टेकवून ठेवला होता. उपाशीपोटी ती त्यावर तासन्‌तास वाजवायची आणि कधी चुकायची नाही. सगळं तोंडपाठ होतं तिला.

तरीही पानं उलटायला शेजारी हनुश बसायचा. मूळचा कोलीन गावचा पाववाला. स्वरलिपीतलं त्याला ओ की ठो कळत नसे. हर्मिनाने हनुवटी उचलली की तो पान उलटायचा.

"अगं, त्या ठोंब्याचं काय काम इथे?" मी विचारलं.

"उलटताना त्याची मान कशी लाल होते, बघितलीस?"

म्हणजे बाईसाहेब प्रेमात पुरत्या बुडाल्या होत्या! शिवाय छावणीतल्या मैफलीत ज्याचं काम असेल, त्याचं नाव पूर्वेकडे जाणाऱ्या गाडीच्या यादीतून वगळायचे. त्या गाडीने गेलेलं कुणी परत आलं नव्हतं.

मे महिन्यात यादी करणारे लेवित माळ्यावर आले. तेही आमच्यासारखेच कैदी.

"हा माणूस खरंच लागतो तुम्हाला?"

"त्याच्याशिवाय मला जमत नाही."

"बघू. हनुश, बाजूला हो. वाजवा, बाई."

आमचा सगळा गायकवृंद ऐकत होता. पहिलं पान संपताना हर्मिना अडखळली. स्वतः पान उलटायला गेली आणि सूर घसरला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा घसरला. वृंदातल्या तिच्या जुन्या विद्यार्थिनींनी माना खाली घातल्या. शरमेने तिचे कान लाल झाले, पण ती चुकत राहिली. मला रडू आवरेना.

"पुरे," लेवित म्हणाले. "राहू दे याला."

नंतर जिन्यात ती हुंदके देत होती.

"रडतेस काय, वेडे?" हनुश म्हणाला. "नेहमीसारखंच छान होतं की!"

त्याच्या एक ठेवून द्यावीशी वाटली मला. तिने मात्र त्याचा हात गालाशी धरला आणि रडता रडताच हसायला लागली.

पाच महिने मिळाले त्यांना. रोज तालीम संपली की "दगडा, ऐक नीट" म्हणत ती त्याला सूर ओळखायला शिकवायची. ऑक्टोबरात मैफलीवाल्यांचीही नावं लागली. हनुशचं पहिल्याच यादीत होतं.

तो जायच्या आदल्या दिवशी ती वाजवायला बसली. पान उलटता उलटता हनुशने मान वर केली.

"हर्मी, इथे चुकलीस ना?"

"हो रे," ती म्हणाली. "चुकले."