चालू गाडीखाली

सगळी गल्ली त्याला जपून मिस्त्री म्हणायची. पाना हातात देताना "जपून", चहाचा कप पुढे सरकवताना "जपून", गिऱ्हाईक गाडी घेऊन निघालं की काचेवर दोन बोटं टेकून पुन्हा "जपून". लोकांना वाटायचं, माणूस कामाला काटेकोर आहे. होताच. पण त्या शब्दामागे काय दडलंय, ते त्याने बायकोलाही कधी धड सांगितलं नव्हतं.

तीस वर्षं गॅरेज चालवलं, पण चालू गाडीखाली तो एकदाही गेला नाही.

चौदा वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. थोरला भाऊ गाडीखाली पडून कुठला आवाज येतोय ते ऐकत होता आणि हा वर सीटवर क्लच दाबून बसला होता. पायाला ऑइल लागलेलं. पाय घसरला. गाडी जेमतेम हातभर पुढे सरली. थोरल्याला तेवढं पुरलं.

त्यानंतर हा काम शिकला, पुस्तकं गोळा केली, आकृत्या भिंतीला चिकटवल्या, कुणाच्या बापाने शिकवलं नाही तेवढं स्वतःच्या जिवावर शिकला. गाडीखाली जायचा तो किल्ली स्वतःच्या खिशात घालूनच. तसं सगळं निभलं. मग या ऑटोमॅटिक गाड्या आल्या.

जुन्या गाडीत गिअरचं ऑइल बघायला पट्टी असायची. वरून, उभ्या उभ्या, ओढा, पुसा, घाला, पुन्हा ओढा. कंपनीवाल्यांनी ती पट्टीच काढून टाकली. गार हवेच्या खोलीत बसून ठरवलं, की गल्लीतल्या मिस्त्रीने यात हात घालूच नये. आता खालून बोल्ट खोलायचा. गाडी चारही बाजूंनी सपाट उचललेली, ऑइल पस्तीस ते पंचेचाळीस डिग्री, आणि इंजिन चालू. भोकातून बारीक धार आली तर ऑइल पुरेसं, नाही आली तर कमी.

मिस्त्रीने हे सगळं वाचलं होतं. त्यातले दोनच शब्द तो गाळायचा: इंजिन चालू. बंद गाडीत वर फिरणारं ऑइल खाली उतरतं, म्हणून बोल्ट काढला की भळाभळा यायचं. तो स्वतःची समजूत घालायचा, जास्त झालं होतं, जास्तीचं निघालं. ठिबकणं थांबलं की बोल्ट बंद. अशा अकरा गाड्या त्याच्या हाताखालून गेल्या. अकरावी त्याच्या धाकट्या बहिणीची.

बहिणीचा डावा पाय लहानपणापासून बारीक. क्लचची गाडी तिला जमण्यातली नव्हती. ऑटोमॅटिक घेतली आणि दवाखान्यांतून रक्ताच्या नळ्या गोळा करून लॅबला पोचवायचं काम धरलं. त्या दिवशी दुपारी ती गॅरेजात शिरली ती तोंड पाडूनच.

"चढावर डी गिअर टाकला की गाडी आधी विचार करते, मग लाथ मारते," ती म्हणाली. "आज तर मागेच सरकायला लागली. मागे रिक्षा होती, दादा."

"बघतो."

"बघशील काय? लॅबजवळच्या मिस्त्रीला फोनवर विचारलं मी. त्याने एकच विचारलं. ऑइल इंजिन चालू ठेवून तपासलं होतं का?"

त्याने पान्यावरचा नसलेला डाग पुसायला घेतला.

"तपासलं होतंस का?"

"नाही."

थोरल्याच्या वेळी ती सहा वर्षांची होती. तिला सगळं माहीत होतं, फक्त बोलायची पद्धत नव्हती घरात.

"त्याच्याकडे ने गाडी," तो म्हणाला. "करेल तो."

"नेली असती. पण तो म्हणाला, अजून एक चढ चढलीस तर गिअरबॉक्स जळेल. आता इथून हलवायची नाही ती. आणि ऑइल तू काढलंयस, तूच भर."

तापलेलं ऑइल गार व्हायला दोन तास दिले, मग चार स्टँड लावले. पाणसळ लावून चारही बाजू तपासल्या. मग पुन्हा तपासल्या. स्टँडला लाथ घातली, गाडीला खांद्याने ढकललं. बहीण सीटवर बसून हे बघत होती.

"झालं का सोनं पारखून?" ती म्हणाली. "चालू करते आता."

तिने गाडी चालू केली. ब्रेक दाबून गिअरचं लिव्हर आर, एन, डी असं एकेक थांबत फिरवून आणलं. मोकळी चाकं प्रत्येक वेळी बारीक दचकायची आणि मिस्त्री भिंतीला टेकून उभा. शेवटी लिव्हर पी वर, पार्किंगला आलं. हँडब्रेक वर.

"आता पाय काढू ब्रेकवरून?"

"नको. पाय पूस आधी."

तिने चप्पल काढली, ओढणीने तळवा पुसला, त्याला दाखवला. "कोरडा आहे. जा."

तो आत सरकला. नाकासमोर वीतभर अंतरावर अख्खं इंजिन थरथरत होतं. ती थरथर फरशीतून त्याच्या पाठीत उतरली आणि त्याला आठवलं की थोरल्यालाही शेवटी हीच जाणवली असणार. पाना बोल्टला लागेना.

"तेहेतीस," वरून आवाज आला. ऑइल किती तापलंय ते दाखवणारा स्कॅनर तिच्या मांडीवर होता.

त्याने डोळे मिटले. बोटांनी बोल्ट शोधला. सुटला. भोक कोरडं ठणठणीत, थेंब नाही.

"पस्तीस. दादा, आहेस ना?"

"आहे."

हातपंपाची नळी भोकात घालून तो ऑइल वर चढवू लागला. एक डबा संपला, दुसरा अर्ध्यावर आला. इंजिनचा पंखा अचानक घोंघावला तसा तो कोपरांवर मागे सरकला. डोकं फरशीवर आपटलं. बाहेर ऊन दिसत होतं, दोन हातांवर.

"पंखा आहे नुसता," ती म्हणाली. "माझा पाय इथेच आहे. चाळीस."

तो परत आत गेला. कुणी ओढून नेलं नाही. त्रेचाळीसला भोकाच्या काठावर लाल थेंब जमला, पडला, दुसरा जमला, मग बारीक धार लागली आणि त्याच्या मनगटावरून बाहीत गेली. त्याने बोल्ट फिरवला, घट्ट केला, आणि तसाच पडून राहिला.

"बंद करू?"

"कर."

बाहेर आला तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. बहीण ब्रेकवरच पाय धरून बसली होती आणि तिचा उजवा, धड पाय दाबून दाबून आखडला होता. तिने तो दोन्ही हातांनी खाली उतरवला.

मग त्याने वही काढली. अजून दहा गाड्या होत्या, दहा माणसं कुठल्या ना कुठल्या चढावर. पहिला नंबर लावला.

"मी जपून मिस्त्री. मागच्या वेळी माझ्याकडून चूक झाली. ऑइल कमी राहिलंय. जिथे आहात तिथेच थांबवा गाडी, मी येतो." तिकडून काहीतरी विचारलं गेलं. त्याने बहिणीकडे पाहिलं. ती चप्पल घालत होती.

"नाही, एकटा नाही," तो म्हणाला. "ब्रेक धरायला माणूस घेऊन येतो."