विसरलेला सांभार

आज स्वयंपाकघरातून कोथिंबिरीचा, म्हणजे आमच्या बोलीतल्या सांभाराचा, वास आला आणि निवृत्तीनंतरचे बाबा आठवले. हुडको वसाहतीतल्या घरून सायकलनं कॅम्प-१च्या बाजारात जाऊन ते रोज नेमका सांभार विसरून येत. ‘डोकं कुठी ठेवून आले?’ आई ओरडायची. बाबा हसत पुन्हा सायकल काढायचे.

एका संध्याकाळी मीच स्कूटरवर सगळी भाजी आणली, सांभारासकट. ‘बाबा, आता आराम करा.’

त्यांनी सायकलचं हँडल सोडलं. ‘कावून आणला बेटा? मी जाऊनच राहिलो होतो ना.’

पुढे रोज मीच आणत गेलो. बाबा बसून राहिले, गुडघे आखडले, अंगणही लांब वाटू लागलं. विसरणं हा त्यांचा फिरायचा बहाणा होता, हे आईनं फार उशिरा सांगितलं.

‘तवाच कावून नाही सांगतलं, आई?’

‘तू एवढ्या हौसेनं आणून राहिला होता. आमी नको कसं म्हणावं?’