फोटोला घातलेली भोपळ्याची फुलं

मंडळी, मी इथे फारसं लिहीत नाही. आज सकाळचं मात्र सांगतो.

माझी बायको सुमन आषाढात गेली. माहेरहून आणलेल्या लाल भोपळ्याचं बी ती दरवर्षी राखायची. यंदा तिने होतं तेवढं सगळं लावलं. त्यातली एकच वेल जगली, आमच्या गावी कुडपणला, घरामागे. फुलं भरपूर येतात, पण बारीक भोपळे पिवळे पडून गळतात.

आज तिच्या फोटोसाठी फुलं खुडत होतो. रोजच खुडतो. कुंपणापलीकडून शेजारच्या काकी ओरडल्या, "अरे, नर फुलं सगळी तूच नेतोस, मग भोपळा धरंल कसा?"

"भुंगे आहेत ना, काकी."

"या पावसात? सुमन रोज सकाळी फुलाला फूल लावायची. भात आपलं आपण भागवतं, याला दुसऱ्याचा हात लागतो. तुला दिसलं नाय कधी?"

नव्हतं दिसलं. मी कंपनीच्या नोकरीपायी बिरवाडीत खोली घेऊन राहायचो.

काकींनी दाखवलं. ज्या फुलामागे बारीक भोपळा असतो, ते मादी. नर फुलाच्या पाकळ्या काढून मधला पिवळा दांडा मादी फुलात हलकेच फिरवायचा. मी तीन फुलांना लावला.

रजा वाढवून घेतली आहे. आता रोज सकाळी हेच करणार. एक भोपळा पिकला तरी बी वाचेल.

लावलेलं फूल पावसात भिजू नये म्हणून तुम्ही काय करता? माहीत असेल त्यांनी सांगा.

आज फोटोला फूल नाही. सुमन रागावणार नाही. म्हणेल, कळलं एकदाचं.