आटे जुळले, पण काटा खोटं बोलला

मंडळी, आज मले माहीच लाज वाटून राह्यली.

शेलूबाजारले माहं गॅरेज हाये. सकाळी एक म्हातारे काका सवाऱ्यांची जुनी जीप घेऊन आले. इंजिनचा टेम्परेचर सेन्सर गेला होता. मी नव्या मॉडेलचा बसवला. त्याचे आटे इंजिनच्या भोकात बरोबर जुळले, म्हणजे झालं काम, असं समजलो.

काकांनी इंजिनवर पाणी शिंपडलं. "पाणी लगेच वाळून राह्यलं बाप्पा, म्हणजे इंजिन तापलं. मंग मीटरचा काटा खालीच काहून?"

"सेन्सर नवा हाये, काका. पाणी शिंपडाचे दिवस गेले," असं म्हणून मी गिऱ्हाइकांसमोर त्यांले हसलो.

दुपारी इंझोरीच्या रस्त्यावरून त्यांचा फोन आला. रेडिएटर गळून गाडी तापली होती, अन् काटा थंडच. त्यांनी मधात थांबून पाणी शिंपडून पाह्यलं, म्हणून इंजिन वाचलं. नव्या सेन्सरचा इशारा जुन्या मीटरले समजत नाही. मी फक्त आटे पाहिले होते!

जुन्या मॉडेलचा सेन्सर शोधून धावत गेलो. सवाऱ्या उन्हात उभ्या होत्या. वाटलं, आता काका मले धुऊन काढतील.

काका सवाऱ्यांले म्हणाले, "हा आपला मिस्त्री. फोन केला अन् लगेच आला, पाहा."

मले माफी मागाची हाये. पण हसलो चारचौघांत, अन् माफी एकट्यात मागितली, तर ते माफी होते काय?