नायकाची सून, तांड्याची सरपंच

मी भित्री बाई नव्हे. हळदीच्या रानात साप निघाला तर बाकीच्या बायका बांधावर चढतात आणि मी त्याला रस्ता दाखवते. पण आमच्या देवळापुढच्या ग्रामसभेत, भर दुपारी, माझी जीभ टाळूला अशी चिकटली की ती सुटेल असं वाटेना. सांगते. सांगायला मला आवडतंच.

आधी तांडा समजून घ्या. आम्ही बंजारा. आमचे पूर्वज बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. पुढं ते थांबले, शेती करू लागले, आणि कारभार नायकाकडे राहिला. भांडण असो, सोयरीक असो, निवाडा नायकापुढं. मग सरकारनं आम्हाला शेजारच्या गावाच्या ग्रामपंचायतीला जोडलं. तिथं आमचा एक सदस्य असायचा, तोही मान हलवण्यापुरता. आता कुठं तांड्याची स्वतःची ग्रामपंचायत झाली, सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं आणि मी निवडून आले. नायक कोण, तर माझे सासरे.

इथंच घोळ झाला. आमच्यात सून सासऱ्यासमोर तोंड उघडत नाही. त्यांना काही सांगायचं तर मी भिंतीला सांगते. ते ऐकून घेतात आणि उत्तरही भिंतीलाच देतात. दुसरी रीत बैठकीची. सगळ्यांचं ऐकून झाल्याशिवाय नायकानं बोलायचं नाही. एरवी या दोन रीती आपापल्या जागी सुखात नांदत होत्या. ग्रामसभेत त्या समोरासमोर आल्या.

विषय पुलाचा होता. तांडा आणि डांबरी रस्ता यांच्यामध्ये ओढा आहे. पूल एकच मिळणार होता, जागा ग्रामसभेनं ठरवायची होती आणि दुसऱ्या दिवशी इंजिनिअर मापं घ्यायला येणार होते. सासऱ्यांना पूल वरच्या जुन्या उतारावर हवा होता, कारण पूर्वजांचे बैल पहिल्यांदा तिथून ओढा उतरले. मला तो खालच्या अंगाला हवा होता. कनेरगाव नाक्याच्या शाळेला जाणाऱ्या पोरी तिथून उतरतात. वरून त्यांना फार लांब पडतं. गेल्या पावसाळ्यात त्या खालच्या वाटेवर, पुराच्या पाण्यात माझ्या लेकीचा पाय निसटला. बाभळीची फांदी हाताला लागली म्हणून ती घरी आली, तळहातात काटे मोडलेले. तेव्हापासून आभाळ भरून आलं की मी चुलीवरची भाकर तशीच टाकून ओढ्यावर धावते.

तर सभा भरली. सासरे माझ्या अगदी समोर खुर्चीवर. मी हातभर घुंगट ओढलेली.

"बोला मॅडम, सुरुवात करा," ग्रामसेवक म्हणाले. ते हिंगोलीहून आलेले, नवे.

मी तोंड उघडलं. आवाज आला नाही.

लोकांनी नायकाकडे बघितलं. नायक देवळापुढच्या निंबाच्या शेंड्याकडे बघत होते, कारण सासऱ्यानंही सुनेकडे बघायचं नसतं.

"नायक, तुमीच सांगा न," कारभारी म्हणाले. कारभारी म्हणजे नायकाचा उजवा हात.

"आधी सगळ्यायचं होऊ द्या," सासरे म्हणाले.

मागून माझ्या जावेनं कोपर मारलं. "मतं मागताना घरोघर चुरुचुरु बोलत व्हतीस. आता काहून दातखीळ बसली?"

"मग तू बोल न!"

"मी बी त्यायचीच सून हाये, बाई!"

ग्रामसेवकांनी घड्याळ बघितलं. "सरपंच बोलत नसतील तर सभा तहकूब करावी लागेल."

तहकूब! म्हणजे उद्या इंजिनिअर येणार, नायकांना विचारणार आणि पूल वर जाणार. मला पुराचं गढूळ पाणी दिसलं. लेकीची वेणी त्यात दिसली.

आमच्यात बाईला एक वाट मोकळी आहे. लग्नात सासरी निघताना नवरी रडत रडत गाते, त्याला ढावलो म्हणतात. ढावल्यात ती बापाला, पंचांना, देवालासुद्धा काहीही म्हणू शकते, आणि कुणी राग धरत नाही. मी डोक्यावर हात ठेवला आणि केस पिकलेली मी नवरीसारखा ढावलो सुरू केला. "याडी, आई गं, माझी लेक शाळेला निघाली गं, पाणी तिच्या गळ्याशी आलं गं..."

सुरुवातीला नाटकच होतं, खोटं कशाला सांगू? पण तळहातातले काटे आठवले आणि पुढचं रडणं खरं निघालं. बायका एकेक करून सुरात सूर मिळवू लागल्या.

"हे ठरावात कसं लिहू?" ग्रामसेवकांनी कारभाऱ्यांना विचारलं.

तेवढ्यात सासरे उठले. नायक उठला की बैठक मोडते. पण त्यांनी खुर्ची उचलली, फिरवली आणि आमच्याकडे पाठ करून बसले.

"कारभारी, मी आता समोर न्हाई. ज्याला बोलायचं त्यानं बोलावं."

हा राग की परवानगी? मला कळेना. इतक्या वर्षांत मी त्यांचे पायच पाहिले होते, पाठ पहिल्यांदा बघत होते. मी बोलले. शेळीसारख्या आवाजात, पण बोलले. पूल खाली का हवा, सगळं सांगितलं.

मग ग्रामसेवकांनी हात वर करायला सांगितले. एकही हात हलेना. शेवटी माझ्या सासूनं, खुद्द नायकाच्या बायकोनं, बांगड्यांचा आवाज होऊ नये म्हणून त्या दुसऱ्या हातानं घट्ट धरल्या आणि हात वर केला. नायकाला दिसत नव्हतं, हे तेव्हा लोकांच्या ध्यानात आलं. भराभर हात उठले.

"जास्त हात कुठं?" सासऱ्यांनी न वळता विचारलं.

"खाली. पोरींच्या वाटेला," कारभारी चाचरत म्हणाले.

ग्रामसेवकांनी ठराव लिहायला पेन उघडला.

"मग तिथंच बांधा," सासरे म्हणाले. "बैल आता हायेत कुठं? पर पूल होईस्तोवर पाणी चढलं तर लेकराला तिकडून धाडू नका म्हणावं."

भिंत जवळ नव्हती.

"न्हाई धाडणार," मी म्हणाले.

त्यांच्याशी थेट बोललेलं ते माझं पहिलं वाक्य. त्यांचे खांदे दचकले. पण ते वळले नाहीत.