गहू आपटणार नाही

ताजिकिस्तानातल्या कोनिबोदोममध्ये सवरी अपाला, म्हणजे सवरीताईला, ओळखत नाही असा माणूस एक तर कालच बाहेरगावाहून आलेला असतो, नाहीतर त्याच्या घरात कधी काही उसवलेलं नसतं. वय चोपन्न. आवाज असा, की चाळीस फूट लांबीच्या दालनात बावीस यंत्रं एकदम चालू असली तरी शेवटच्या बाईला आपली चूक नीट ऐकू यावी. सतराव्या वर्षी ती रेशमाच्या गिरणीत लागली. गिरणी बंद पडली तेव्हा तिने गाद्या शिवल्या. नवरा रशियात मजुरीला गेला आणि तिथेच दुसरं बिऱ्हाड करून बसला, तेव्हा तिने तंबू शिवले आणि त्यावर दोन मुली वाढवून त्यांची लग्नं लावून दिली. रडली असेलच, पण कोणाला दाखवायला नाही.

गेली नऊ वर्षं ती जंबो बॅगा शिवत होती. एका बॅगेत टनभर माल, चार कोपऱ्यांना चार बंद, क्रेनने उचलायची. शिवणीच्या कडेने ती सुताचा जाड पेड घालायची, म्हणजे सुईने पाडलेलं एकेक भोक त्या सुताने बुजून जायचं. ही तिची स्वतःची रीत, कोणी शिकवलेली नाही. कारखान्याचा मालक नुअमोन अको, म्हणजे नुअमोनदादा, याच्या डोळ्यांत तो पेड कुसळासारखा सलायचा.

"अपा, बॅग शिवताय का नवरीचा झगा?" तो विचारायचा.

"नवरी घरातून एकदाच निघते, नुअमोनजान. तुझी बॅग दहादा लटकते."

त्याच्या आईबरोबर सवरी गिरणीत एकाच यंत्रावर बसलेली. त्यामुळे तो मालक असला तरी तिच्या तोंडी त्याला "तू"च होतं.

त्या वर्षी खाणींना लागणाऱ्या अमोनियम नायट्रेटसाठी बॅगा करायचं काम चालून आलं. असला माल साध्या पोत्यात भरता येत नाही. बॅगेची चाचणी व्हावी लागते, प्रमाणपत्र मिळावं लागतं, मगच तिच्यावर मंजुरीचा शिक्का उमटतो आणि मगच ती ट्रकवर चढते. नुअमोनने बायकांना स्वच्छ सांगितलं होतं, शिक्का मिळाला तर बावीसही यंत्रं चालतील. नाही मिळाला तर पुन्हा कांद्याची पोती, आणि त्याला आठ बायका पुरतात. उरलेल्या चौदांमध्ये कोण, ते त्याने सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. प्रत्येकीने मनात आपलंच नाव घातलं होतं.

दुशान्बेहून होलिकझोदा नावाचे तपासनीस आले. काटकुळे, कमी बोलणारे, खिशात पोलादी पट्टी. दोन दिवसांत त्यांनी बॅगेला टांगलं, तिच्यावर वजनं लादली, सुरीने दहा सेंटिमीटर चीर पाडून वरून भार दिला आणि चीर किती वाढते ते मोजलं. पावणेअकरा भरली. साडेबारापर्यंत चालते. तिसऱ्या दिवसासाठी एकच चाचणी उरली. बॅग भरायची, ऐंशी सेंटिमीटर उचलायची आणि लोखंडी पत्र्यावर सोडून द्यायची. खरा माल स्फोटक, तो आपटायचा नसतो. त्याच्या जागी तसाच दाणा आणि तेवढंच वजन.

सकाळी दहाला नुअमोनच्या मेव्हण्याच्या गिरणीतून टनभर गहू आला. नवा, सोन्यासारखा.

पहिलं यंत्र कोणाचं थांबलं ते माहीत नाही. पण हां हां म्हणता बावीसही थांबली.

"काय झालं? वीज गेली?" नुअमोन बाहेर आला.

"वीज आहे," सवरी म्हणाली. "तू गहू आपटणार आहेस?"

"बॅग आपटणार आहे, अपा. आत गहू आहे इतकंच."

"नानचा तुकडा रस्त्यात दिसला तर आपण उचलतो, कपाळाला लावतो, भिंतीवर ठेवतो. तू पण ठेवतोस, मी पाहिलंय. आणि इथे टनभर जमिनीवर फेकायचा? माझी बॅग आहे. माझ्या बॅगेतून गहू आपटला जाणार नाही."

"अहो, नियमात चालतं! मुअल्लिम, सांगा यांना." तपासनीसांना तो आदराने मुअल्लिम, म्हणजे गुरुजी, म्हणत होता.

होलिकझोदांनी चष्मा पुसला. "नियमात चालतं," ते म्हणाले. मग तो डोळ्यांवर चढवत, "माझ्या आईला चाललं नसतं. पण मी चारला निघणार. पुढची तारीख वसंतात."

नुअमोनचा चेहरा उतरला. "ऐकलंत? वसंतापर्यंत खाणवाले थांबतील का? अपा, तुमच्या एका हट्टापायी चौदा चुली थंड होतील."

हा घाव वर्मी बसला. सवरीने मागे वळून बायकांकडे पाहिलं. रोबियाचा नवरा अंथरुणाला खिळलेला, तिला या पगाराशिवाय दुसरा आधार नव्हता. तीच रोबिया डोक्याचा रुमाल घट्ट बांधत उठली आणि म्हणाली, "गहू नको, अपा. दुसरं काहीतरी शोधा. पण लवकर शोधा."

सवरीचा दीर सत्तोर कापसाच्या शेतीसंस्थेत खतांचं कोठार सांभाळायचा. युरिया! पांढरा, गोल, खऱ्या मालाचा जुळा भाऊ शोभावा असा दाणा, आणि कापूस वेचणीला आल्यामुळे आता तो कोणाला नकोच होता. सवरीने त्याला फोन लावला आणि अकराला त्याचा ट्रक आला. पोती फोडली आणि सगळ्यांची तोंडं पडली. कोठारात पडून पडून खताचे दगड झाले होते.

"हे आपटलंत तर बॅग नाही, फरशी फुटेल," नुअमोन म्हणाला.

"तू बाजूला हो. बायांनो, घरी जा आणि चाळण्या आणा!"

मग कारखान्याच्या अंगणात जे चाललं ते लग्नाच्या आदल्या दिवशीही चालत नाही. लाकडी मोगऱ्यांनी ढेकळं फोडायची, चाळायची, भुकटी बाजूला, दाणा बॅगेत. डोळे चुरचुरत होते, शिंका येत होत्या, आणि रोबिया ओरडत होती, "माझ्या सासूला कळलं ना की तिची चाळण खताला वापरली, तर ती मलाच चाळून काढेल!" होलिकझोदा मुठीत दाणे घेऊन भिंगातून बघून गेले. मान डोलावली. तीनला काटा टनावर आला.

पण एक गोष्ट सवरीला कळत होती आणि बाकी कोणाला नाही. गव्हाचा दाणा मोठा, तो सुईच्या भोकातून निघत नाही. युरिया कितीही चाळा, थोडी भुकटी राहतेच, आणि भुकटी भोक शोधून काढते. तिने चाचणी स्वतःच्या हातांनी अवघड करून ठेवली होती. पण आता मागे फिरणं नव्हतं.

बॅग वर गेली. होलिकझोदांनी पट्टीने उंची मोजली, हात खाली केला. कडी सुटली.

धप्प! पायाखालची जमीन हादरली आणि बॅगेच्या तळाच्या शिवणीतून पांढरा धुरळा उडाला.

"गेलं!" नुअमोन मटकन खालीच बसला. "गळली! गव्हाला काही झालं नसतं!"

होलिकझोदा शांतपणे म्हणाले, "आपटताना टाक्यांतून जरासं उडालं तर ते नापास नव्हे. उचलल्यावर गळतं का, ते बघायचं. उचला. आणि खाली काहीतरी काळं अंथरा."

सवरीने आपला काळा कोट काढून पत्र्यावर पसरला. बॅग त्याच्यावर लटकली. बावीस बायका वाकून कोटाकडे पाहत होत्या. एक मिनिट. दोन. पाच. होलिकझोदांनी बॅगेवर तळहाताने थापटलं. मग गुडघे टेकले, भिंग काढलं आणि कोट कॉलरपासून खिशापर्यंत तपासला.

"एक दाणा नाही," ते म्हणाले. "पास."

जो गलका झाला तो शेजारच्या जर्दाळूच्या बागेपर्यंत गेला. रोबियाने सवरीला उचललं, जे सोपं काम नव्हे. सवरी हसत होती, रडत होती, आणि या वेळी कोण बघतंय याची तिला पर्वा नव्हती. नऊ वर्षं जिच्यावरून टोमणे खाल्ले, ती शिवण टनाखाली टिकली होती.

चहा झाला. होलिकझोदा कागद भरत होते. कापड कसलं, बंद किती रुंद, टाका कसा, सगळं विचारून लिहीत होते. नुअमोनच्या जिवात जीव आला होता, आणि जीव आला की त्याला आधी काटकसर आठवते.

"मुअल्लिम, एक विचारू? आता पास झालीच आहे. तर पुढच्या मालात तो सुताचा पेड नाही घातला तर चालेल ना? सूत फार महाग झालंय."

होलिकझोदांनी मान वर केली नाही. "प्रमाणपत्र तुमच्या कारखान्याला नाही, अको. या बॅगेला आहे. आज जी आपटली, तिला. पेड काढलात की ती दुसरी बॅग. तिची चाचणी पहिल्यापासून."

त्यांनी टाक्याच्या रकान्यात "शिवणीत सुताचा पेड" असं लिहिलं, खाली सही केली आणि वर शिक्का मारला.

सवरीने प्याला खाली ठेवला. "नुअमोनजान, बस असा इथे. किती सूत लागेल ते सांगते. लिहून घे."

आणि नुअमोन अकोने मुकाट्याने पेन काढलं.