रिकाम्या खोलीचं एक मिनिट

मशीन बिघडलं की मी आधी मशीनला शिव्या घालतो, मग ते बनवणाऱ्याला, मग विकणाऱ्याला. स्वतःपर्यंत यायला मला साधारण दोन दिवस लागतात. त्या हिवाळ्यात अडीच लागले.

तेव्हा मी दिल्लीत द्वारकेला राहायचो, चौथ्या मजल्यावर, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये. मेट्रोचे खांब आमच्या सेक्टरपर्यंत पोचले होते, गाडी अजून यायची होती. गुडगावातली नोकरी सोडून मी घरीच व्हिडिओ एडिटिंग सुरू केलं होतं आणि कामं यायची ती बहुतेक बिल्डरांची. मोहरीच्या शेतात उभं राहून इथे स्विमिंग पूल होणार म्हणून सांगणाऱ्या फिल्मा. लग्न केलं नव्हतं. त्यामुळे घरात मी आणि दोन कॉम्प्युटर, आणि दिवाळीपासून आई.

बाबा गेल्यावर आई दोन वर्षं कराडला एकटी होती. भाड्याच्या दोन खोल्या, खाली घरमालक, पलीकडच्या गल्लीत मामा. मीच हट्टानं तिला आणलं. "राहून बघ, नाही करमलं तर परत जा," असं म्हणालो होतो. जानेवारीत मामाचा फोन आला. घरमालकाच्या मुलाला खोल्या हव्या होत्या. अक्का येणार असेल तर ठीक, नाहीतर महिनाअखेरीला सोडा, म्हणे. एकदा सोडल्या की सोडल्या, मग परत जायला जागाच नाही.

मी आईला विचारलं, "काय गं, सोडून टाकायच्या ना खोल्या?"

"तू म्हणशील तसं. मी मजेत आहे," ती म्हणाली.

मला हेच ऐकायचं होतं, म्हणून ते लगेच पटलं. मामाला शनिवारी कळवतो म्हणालो आणि कामाला लागलो.

काम म्हणजे एका बिल्डरची सात मिनिटांची फिल्म. तिचं हिंदी निवेदन आमच्याच मागच्या खोलीत रेकॉर्ड करायचं होतं. भिंतींना रजया टांगल्या, खिडकीला गादी लावली की झाला आमचा स्टुडिओ. अशा दिवशी आईला कडक ताकीद असे. कुकर नाही, मिक्सर नाही, पंखा नाही, बोलणं नाही. ती बिचारी इतकी तयार झाली होती की भांडी टॉवेलवर उपडी घालायची आणि हातातल्या दोन बांगड्यांना रबर लावायची, वाजू नयेत म्हणून. पहिल्यांदा ते रबर पाहिलं तेव्हा मी हसलो होतो. "वा, तू तर एकदम प्रोफेशनल झालीस!" असलं काहीतरी बोललो होतो. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

निवेदक म्हणजे रेडिओवरून निवृत्त झालेले एक गृहस्थ. घसा असा की कांद्याचा भाव सांगितला तरी मंत्र वाटावा. ते वाचायला बसले आणि वीज गेली, खाली सोसायटीचा जनरेटर घुरघुरायला लागला. माझं डोकं फिरलं, पण ते म्हणाले, "अरे यार, पढ़ लेते हैं, आप साफ़ कर लेना." वाचून झालं.

आमच्या धंद्यात एक रिवाज आहे. बोलणं संपलं की त्याच खोलीत कोणी नसताना मिनिटभर नुसतं रेकॉर्डिंग करून ठेवायचं, म्हणजे रिकाम्या खोलीचा आवाज मिळतो. मग एडिटिंगमध्ये गोंगाट काढणारा प्लग-इन असतो, त्याला त्यातला तुकडा द्यायचा. पोलिसाच्या कुत्र्याला चोराचा रुमाल हुंगायला देतात ना, तसं. हा आवाज ओळख आणि जिथे सापडेल तिथून हाकल, एवढंच त्याचं काम. मी मशीन चालूच ठेवलं आणि निवेदकांना रिक्षा मिळवून द्यायला खाली गेलो. आमच्याकडे गेटवर रिक्षा मिळणं म्हणजे नवस फळण्यासारखं, मिनिटाची दहा मिनिटं झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्लग-इनला तो रिकामा तुकडा दिला आणि निवेदन लावलं. जनरेटर गेला, पण निवेदकांचाही निकाल लागला. तो भरदार गळा पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. शब्दांची टोकं गायब. 'शांत वातावरण' म्हणताना तर माणूस बुडतोय की काय असं वाटत होतं.

मग सुरू झालं. आधी सगळे प्लग-इन काढले आणि एकेक करून परत लावले. दोष त्या एकाचाच. तो उडवला, पुन्हा टाकला. सेटिंग्जची फाइल पुसली. जुनी आवृत्ती शोधून काढली, तीही तशीच गुरगुरली. नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारात ज्याच्याकडून घेतला त्याला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "सर, प्लग-इन ठीक है. उसको सुनाया क्या है, वो देखो." मी त्याला नाही नाही ते बोललो आणि फोन आपटला. माणसाला आपली चूक दुसऱ्याच्या तोंडून ऐकवत नाही हेच खरं.

त्या दोन दिवसांत आई दोनदा चहा घेऊन आली, कप ठेवून गेली. एकदा दारात थांबली होती. मी मान वर न करता हात हलवला, नंतर म्हणून. तिला काय हवं होतं ते मी विचारलं नाही.

शनिवारी दुपारी, शेवटचा उपाय म्हणून, एका जुन्या फिल्मवर तोच प्लग-इन चालवला. झकास चालला. म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं! दोष त्याचा नव्हता, मी हुंगायला दिलेल्या रुमालाचा होता. रिकामी खोली म्हणून तो तुकडा मी ऐकलाच नव्हता. शांतता कोण ऐकत बसतो? आता हेडफोन लावला आणि आवाज होता नव्हता तेवढा वाढवला.

आधी जनरेटर. मग लिफ्टचं दार, म्हणजे आम्ही खाली निघालो. मग बांगड्या. तिनं रबर काढलं होतं. ती हॉलमध्ये बसून मटार सोलत होती, दाणे पातेल्यात पडताना ऐकू येत होते. खोलीचं दार मी उघडंच टाकून गेलो होतो.

"आलास? दमलास ना?" आई म्हणाली.

"नाही गं," आईच म्हणाली. आवाज जरा जाड काढून. तो मी होतो.

"चहा टाकू?"

"नको, बस जरा. दिवसभर काय केलंस?"

"काय करणार? मटार सोलतेय."

थोडा वेळ नुसते दाणे पडत राहिले. मग त्या जाड आवाजात, "करमतं का गं तुला इथे?"

"नाही रे. अजिबात नाही करमत."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझं काम चाललेलं असतं ना."

तिनं काढलेला माझा आवाज माझ्यापेक्षा कितीतरी मायाळू होता. असं मी तिच्याशी कधी बोललोच नव्हतो. पुढे पुन्हा लिफ्ट वाजली, बांगड्या एकदम थांबल्या, आणि पाठोपाठ माझा खरा आवाज आला, खेकसणारा. "श्श्! मशीन चालू आहे अजून."

मी हेडफोन काढला आणि रडलो. अडीच दिवस मी प्लग-इनला शिव्या घालत होतो, आणि त्यानं तर मी सांगितलं तेच केलं होतं. मीच आईचा आवाज त्याला गोंगाट म्हणून दिला होता आणि तो निवेदनातून माणसाचा आवाज शोधून शोधून हाकलत होता.

बाहेर आलो. ती बाल्कनीतल्या उन्हात बसली होती. शेजारी बसलो आणि तिचेच शब्द वापरले. "करमतं का गं तुला इथे?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "न करमायला काय झालं? मजेत आहे मी. भूक लागली का?"

मी आत जाऊन मामाला फोन केला. म्हणालो, खोल्या सोडू नका. मामा गोंधळला. "अरे, पण अक्का तर मजेत आहे म्हणाली."

"खोटं बोलतेय," मी म्हणालो.

आईला सांगितलं की थंडी सरली की तिकीट काढतो. "कशाला रे? तुझ्या जेवणाचे हाल होतील," असं चार वेळा म्हणाली. संध्याकाळी मात्र म्हणाली, "माळ्यावरची माझी बॅग काढून ठेव, झुरळं झालीत का बघते." मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. थोडं तरी थांबेल असं वाटलं होतं.

होळीनंतर ती गेली. एप्रिलमध्ये दुसऱ्या बिल्डरची फिल्म आली, तेच निवेदक आले, रजया टांगल्या. वाचून झाल्यावर मशीन चालू ठेवून मी त्यांना रिक्षापर्यंत सोडून आलो. या वेळी शहाणपणा करून तो रिकामा तुकडा आधी पूर्ण ऐकला. काहीही नव्हतं. अगदी पुस्तकात लिहितात तशी रिकामी खोली. फक्त शेवटी कुलपात किल्ली फिरली आणि माझा आवाज आला, "आलो गं."

तेवढं कापून टाकलं. प्लग-इन पहिल्याच फटक्यात नीट चालला.